महिपती आणि तिबोटी खंड्या

आंबेकोंडात महिपती नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. गावाला त्याचीच भीती वाटे.

एका श्रावणात तिथे प्रमिलाबाई दांडेकर आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघे दुखरे, पण कॅमेरा नवाकोरा. तो प्राण्याचा डोळा आपला आपण शोधी आणि जराही आवाज न करता फोटो काढी.

"पूर्वी झुडपात तीन-तीन दिवस पालथं पडायचे रे," बाई म्हणाल्या, "आणि फोटोत यायची नुसती शेपटी! आता सोपं झालंय. चार वर्षं तिबोटी खंड्या शोधतेय. एक फोटो मिळाला की भरून पावले."

सामान उचलायला त्यांनी महिपतीला घेतलं.

पहिल्याच दिवशी वहाळाकाठी, ओढ्याच्या पाण्याजवळ, खंड्या दिसला. मुठीएवढा, निळा-केशरी. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"बाईऽऽ, पक्षी!" महिपती ओरडला. खंड्या भुर्र.

"अरे, काही दिसलं तरी तोंड उघडायचं नाही! पुतळ्यासारखं उभं राहायचं."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी माकड आलं. त्यानं बाईंचा डबा उघडला, पोळ्या खाल्ल्या, लोणचं चाटून तोंड वाकडं केलं आणि डबा घेऊन झाडावर गेलं. महिपती पुतळा.

"बघत काय राहिलास? असं कुणी जवळ आलं की काठी आपटायची, हाकलून लावायचं!"

"बरं बाई."

तिसऱ्या दिवशी बाईंनी कॅमेरा वहाळाकाठी तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवला आणि स्वतः फोन घेऊन लांब बसल्या. कॅमेऱ्याला दिसेल ते फोनवर दिसे. खंड्या आला, थेट समोर, चोचीत सरडा! बाईंनी बटण दाबलं, तेवढ्यात महिपती धावला आणि त्यानं काठी आपटली. फोटोत नुसती काठी.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, कॅमेऱ्यासमोर कुणी आलं की लांब जाऊन बसायचं आणि फोनवरचं बटण दाबायचं. फोटोत नको ते मध्ये आलं, तर असं बोट फिरवायचं. बघ, गेली तुझी काठी! मागचं हिरवं फोनच भरून काढतो."

महिपती थक्क झाला. "बरं बाई. बरं बाई." दोन गोष्टी होत्या, म्हणून दोनदा.

चौथा दिवस मुक्कामाचा शेवटचा. महिपतीकडे फोन देऊन बाई कॅमेरा लावायला गेल्या. पाय घसरला आणि त्या कॅमेऱ्यासमोरच कमरेपर्यंत चिखलात रुतल्या.

"महिपती! हात दे रे!"

कॅमेऱ्यासमोर कुणीतरी आलं होतं. महिपती लांब जाऊन बसला आणि बटण दाबू लागला.

बाई ओरडून ओरडून दमल्या, गप्प झाल्या. तेवढ्यात टोपीवर काहीतरी हलकंसं टेकलं. समोर कॅमेऱ्याच्या काचेत त्यांना दिसलं, डोक्यावर खंड्या! बाईंनी श्वास रोखला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खंड्या चांगला ऐसपैस बसला, पिसं साफ केली आणि मग उडाला.

बाई मुळांना धरून कशाबशा बाहेर आल्या, वहाळात हातपाय धुतले आणि चिखलाच्या कपड्यांनिशी हसत महिपतीकडे धावल्या.

"सोन्यासारखा माणूस आहेस रे! काढलेस फोटो?"

"एकोणीस."

बाईंनी फोन घेतला. एकोणीस फोटो. प्रत्येकात बाईंचा डोळा लख्ख, चिखलाचा थेंब न् थेंब स्पष्ट, टोपी कोरी.

"आणि... टोपीवरचा?"

"तो निळा होय?" महिपती म्हणाला. "सारखा तुमच्या फोटोत मध्ये येत होता, बाई. बोट फिरवून एकूण एक पुसला!"