माहेरची वाटी

इस्तंबूलच्या बाजारात द्वारकाताईंची पर्स चोरीला गेली. तिच्यात पासपोर्ट होता, आणि नवऱ्यामागे जपून ठेवलेल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या. दुसऱ्या दिवशी त्याच वाट्या एका बड्या सराफाच्या काचेआड दिसल्या. ताईंनी पोलीस आणि एक दुभाष्या आणला.

सराफ गुरकावला, "माल माझ्या कारखान्यातला आहे. दोन्ही एकाच साच्यातल्या, एकाच वजनाच्या!"

ताई दुभाष्याला म्हणाल्या, "साहेबांना म्हणावं, तोलून बघा. आमच्यात एक वाटी सासरची असते, एक माहेरची. ही डावीकडची माहेरची. हलकी भरेल."

काट्यावर ती खरंच हलकी भरली.

"कारागिराची चूक असेल," सराफ चाचरला.

"चूक नाही ती. माझ्या बापाची ऐपत आहे."

पोलिसाने दोन्ही वाट्या ताईंच्या तळहातावर ठेवल्या. हलकी आधी.