सहा कोपऱ्यांचा कट्टा

सहा वाड्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात एक गवंडी राहत होता. त्याच्या हातात सदानकदा गज असायचा. या गजाने मोजलेल्या भिंतीत सूतभरही फरक निघत नाही, असं लोक म्हणत. लोक म्हणायचे थांबले की तो स्वतः म्हणायचा.

गावात पाटाचं पाणी पाळीने मिळे. पाळ्या ठरवायला दर आठवड्याला बैठक भरे, आणि पाण्याआधी भांडण व्हायचं ते बसायच्या जागेवरून. कंटाळून पाटलांनी गवंड्याला सांगितलं, सहा सारख्या बाजूंचा दगडी कट्टा बांध. मध्ये मी उभा राहीन, आणि एकेका कोपऱ्यावर एकेका वाडीचं कर्तं माणूस बसेल.

गवंड्याने सहा लांब दगड घडवले, सगळे अगदी एका मापाचे. पण आजवर त्याने चौकोनी घरंच बांधली होती. तिथे कोपरा काटकोनी गुण्याने तपासला की झालं. इथे गुण्या बसेना, म्हणून कोपरे त्याने नजरेच्या अंदाजाने वळवले आणि दगडाला दगड जोडत गेला.

कट्टा झाला, पण जरा लांबट झाला. चार कोपरे पाटलांच्या जवळ आले आणि दोन लांब गेले. त्या दोन वाड्यांनी कुरकुर केली. गवंड्याने सगळ्यांसमोर गज पुढे केला आणि म्हणाला, मोजून घ्या. लोकांनी मोजलं. सहाही बाजू सारख्या. पाटलांनी निवाडा दिला की काम चोख आहे, आणि गवंड्याला पागोटं बांधलं.

पुढच्याच महिन्यात खालच्या वाडीच्या म्हातारीची पाण्याची पाळी चुकली. ती लांबच्या कोपऱ्यावर बसायची, तिला पाटलांचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. वांग्याची सगळी रोपं करपली. ती गवंड्याच्या दारात आली. भांडली नाही.

"दादा, तुझा गज मी कानाला लावून बघितला," ती म्हणाली. "त्यातून काही ऐकू आलं नाही."

जाता जाता तिने सांगितलं की आमची वाडी आता बैठकीला येणार नाही. पाट आमच्याही शेतावरून जातो, पाहिजे तेव्हा आम्ही फोडू. आता गाव फुटणार, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

गवंडी चिडला. पण पुढच्या बैठकीला तो म्हातारीच्या रिकाम्या कोपऱ्यावर जाऊन बसला. पाटलांचे ओठ हललेले तेवढे त्याला दिसले.

घरी त्याने भाकरी तशीच ठेवली. सकाळी बायको खळं सारवायला निघाली, तिच्या मागोमाग तोही गेला. तिने मधोमध खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि ताणून धरून गोल आखून घेतला.

"अहो, तुम्ही दगडच मोजलेत," ती मान वर न करता म्हणाली. "मधून मोजलंत का कधी?"

गवंडी उठून पाटलांकडे गेला. पाटील म्हणाले, निवाडा झालाय, तुला कोण दोष देतंय, गप्प बस. खरंच कुणी देत नव्हतं. गवंड्याने पागोटं उतरवून पाटलांपुढे ठेवलं.

"माप बरोबर होतं," तो म्हणाला, "पण मी ते भलत्या जागी उभा राहून घेतलं."

त्याने सहाही वाड्यांना बोलावलं आणि कट्ट्याचे दगड उपसले. मधोमध खुंटी ठोकून एका दगडाएवढी दोरी बांधली आणि गोल आखला. मग तीच दोरी सोडून घेतली आणि गोलावरच्या एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत ताणत चालत निघाला. सहाव्या वेळी दोरी पहिल्या खुणेवर नेमकी येऊन टेकली. म्हातारीचा विश्वास बसेना. तिने दोरी हिसकावून स्वतः फेरी मारली. सहाच.

एकही दगड नव्याने घडवावा लागला नाही. सगळे नुसते सरकवावे लागले.

पुढच्या बैठकीत पाटील सवयीने घसा ताणून बोलायला लागले.

"ओरडू नका पाटील," म्हातारी आपल्या कोपऱ्यावरून म्हणाली. "ऐकू येतंय."

तात्पर्य: सगळ्यांना सारखा वाटा देणं सोपं असतं. मधल्या जागेपासून कोण किती लांब पडलंय, हेही मोजलं तर तो न्याय.