चिंचोक्याची गादी

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की ज्या डोंगराआड तेव्हा सूर्य मावळायचा, तो डोंगर आता झिजून टेकडी झाला असेल.

एका राज्यात एक अत्तरवाला राहत होता. वाळा, केवडा, गुलाब, मोगरा, जे फूल त्याच्या भट्टीत जाई त्याचा जीव कुपीत उतरे. राजवाड्यात सण असो की लग्न, पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावायचा मान त्याचाच. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. संसाराला चाळीस वर्षं झाली, पण पाळणा हलला नव्हता. त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत. बोलून जे हलत नाही, त्याबद्दल काय बोलायचं?

एकदा समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्याने एका कुपीच्या बदल्यात त्यांना एक प्राणी दिला. सशाहून लहान, घुशीहून गोंडस, शेपटी नाही, कान पाकळीएवढे. तुम्ही आज त्याला गिनीपिग म्हणता. त्या गावाने असलं जनावर पाहिलंच नव्हतं. रंग तपकिरी, पाठ तुळतुळीत, म्हणून बायकोने त्याचं नाव ठेवलं चिंचोका.

आता दोन माणसांची चाळीस वर्षांची साठलेली माया एका चिंचोक्यावर आली. बायकोने सावरीच्या कापसाची जाडजूड गादी शिवली, तिला मखमलीची खोळ घातली. अत्तरवाल्याने ती भट्टीजवळ मांडली, म्हणजे काम करता करता त्याच्याकडे बघता येईल. बायको त्याला गाजर देई. नवरा बायकोच्या नकळत गुळाचा खडा देई. बायकोही नवऱ्याच्या नकळत तेच करी. चिंचोका फुगत गेला. मग तो गादीवरून उतरेनासा झाला. खाणं जागेवर, झोपणं जागेवर, बाकीचंही जागेवर.

एके सकाळी बायको म्हणाली, “अहो, चिंचोक्याला वास येतोय.”

अत्तरवाल्याने वाकून नाक लावलं. “मला तर नाही येत.”

“तुमच्या नाकात चाळीस वर्षांचा केवडा बसलाय. तुम्हाला कसला येतोय!”

त्याने हसण्यावारी नेलं. पण दुपारी एका गिऱ्हाइकाने दुकानात येऊन नाक मुरडलं, तेव्हा त्याला लाज वाटली. मग त्याने तेच केलं, जे त्याचा धंदा त्याला शिकवत आला होता. एक वास नको असेल तर त्यावर दुसरा वास चढवायचा. सकाळ-संध्याकाळ तो गादीवर वाळ्याचं पाणी शिंपडू लागला. जुन्या खोळीवर त्याने नवी खोळ चढवली. घर पुन्हा घमघमू लागलं. बायकोही गप्प झाली.

आठ-दहा दिवस गेले. चिंचोका पाठ वर करून, अंग चोरून बसू लागला. ताटली पुढे ठेवली तरी मान वळवीना. मधूनच त्याचे दात एकमेकांवर घासले जात, किर्र किर्र. बायकोने उचललं तर त्याने अंग ताठ केलं. पोटाखालचे केस ओले लागले.

“वाळ्याचं पाणी असेल,” अत्तरवाला म्हणाला. पण त्याचा आवाज खाली आला होता.

त्याने चंदनाचं अत्तर आणलं. चंदन थंड असतं, एवढं त्याला ठाऊक होतं. बोटाने त्याने ते चिंचोक्याच्या मांडीला लावलं, आणि त्या एवढ्याशा जिवाने अशी किंकाळी फोडली, की अत्तरवाल्याच्या हातातली कुपी खाली पडली. नंतर पुष्कळ वेळ तो आपल्याच बोटाकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी चिंचोक्याने गाजराला तोंड लावलं नाही. एक माशी त्याच्या मागच्या बाजूला बसली. हाकलली, पुन्हा बसली.

बायको चुलीपाशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, “सुईणीला बोलवा.”

अत्तरवाला चमकला. चाळीस वर्षांत हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

“वैद्याला आणतो की.”

“वैद्य आधी विचारील, हे जनावर कोणत्या जातीचं, मग घरी जाऊन पोथी बघील. तोवर हे राहील का? तिच्या हाताला लहान अंगं कळतात. जा तुम्ही.”

तो निघाला. सुईणीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. गावातल्या प्रत्येक बाप्याने तो रस्ता कधी ना कधी धावत कापला होता. हा पहिल्यांदाच कापत होता.

“अत्तरकाका, एवढी घाई कसली?” पारावरून एकाने विचारलं.

“सुईणीकडे.”

पारावर हशा पिकला. “ऐकलं का रे? काकांकडे पाळणा बांधायचाय!” “या वयात केवडा फुलला म्हणायचा!” “काका, बारशाला अत्तर लावाल ना?”

एरवी त्याने मान खाली घातली असती. आज त्याच्या कानात फक्त ती किर्र किर्र होती.

सुईण फार म्हातारी होती. त्याला दारात धापा टाकताना पाहिलं आणि सवयीने तिने गाठोडं उचललं. “कितवा महिना? कळा कधीपासून?”

“आजी...” तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला, “चार पायांचं आहे.”

तिने त्याला नीट न्याहाळलं. “मरतंय का?”

“हो.”

“मग पाय कशाला मोजताय? चला.”

घरी येऊन तिने हात धुतले, चुलीवर धरून ऊबदार केले आणि चिंचोक्याला मांडीवर अलगद उताणं घेतलं. पोटाखाली आणि मांड्यांच्या आत केस गुठळ्या होऊन चिकटले होते. त्यांच्यामधून कातडी दिसत होती, सोललेल्या डाळिंबासारखी लाल. बायकोने पदर तोंडाशी नेला. वरून इतका तुळतुळीत, आणि खाली हे! दोघांनी त्याला रोज वरून कुरवाळलं होतं. उलटा करून एकदाही पाहिलं नव्हतं.

सुईणीने गादीवर तळवा टेकला. वरची खोळ कोरडी होती. मग तिने मूठ खोल दाबली. बोटांमधून पाणी वर आलं. अत्तरवाल्याचे डोळे चुरचुरले, पाणावले. नाकाला जे कळलं नव्हतं ते डोळ्यांना कळलं.

“मुतानं भाजलंय हे,” सुईण म्हणाली. “ओल्या दुपट्यात ठेवलेलं पोर असंच लाल होतं. एवढं तर कोणतीही आई...” ती मध्येच थांबली.

बायको जमिनीकडे बघत म्हणाली, “आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, आजी.”

सुईणीने तिला जवळ बसवून घेतलं.

“काय लावू?” अत्तरवाल्याने घाईने विचारलं. “लोणी? केशर? गुलाबपाणी? सगळं आहे घरात.”

“लावायचं काही नाही. काढायचंय.”

आणि तिने काढायला सुरुवात केली. चिकटलेले केस कातरले. कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून, न घासता, सगळं मूत आणि अत्तर टिपून घेतलं, मग कोरड्या फडक्याने पाणी टिपलं. पाय पाहिले तर नखं वाकून आत वळली होती. “पाय टेकवत नाही म्हणून हलत नाही. हलत नाही म्हणून आपल्याच ओलीत बसतो. मऊ गादीवर नखं झिजणार कशी?” तिने नखांची टोकं जपून छाटली. पोट चाचपलं. “आणि गूळ कोण देतं याला?”

नवऱ्याने बायकोकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी बायकोने नवऱ्याकडे दाखवलं. मग दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

“गूळ बंद. हिरवं गवत द्या. गादी उकिरड्यावर टाका. सुकं गवत पसरा, वर धुतलेलं जुनं लुगडं घाला, आणि ओलं झालं की त्याच घटकेला बदला. रात्र असो की दिवस. माशी बसू देऊ नका. माशीनं जखमेत अंडी घातली तर मला बोलवू नका, कुदळ घ्या.”

“ओलं झालेलं कळणार कसं?”

“नाक सांगेल. तो वास म्हणजे त्याची हाक होती, बाबा. तुम्ही हाकेच्या तोंडावर उशी दाबलीत.”

सुईण गेली आणि राजवाड्याचा कारभारी आला. चार दिवसांनी राजकन्येचं लग्न होतं. गुलाबाची पोती दारात उतरली. “आजच भट्टी पेटवा.”

भट्टी पेटली की घरभर वाफ होई. भिंतीसुद्धा ओल्या होत. शिवाय त्या दरवळात कुणाला कसला वास येणार? अत्तरवाल्याने पोत्यांकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे.

“भट्टी पेटणार नाही.”

“काय? महाराजांना काय सांगू?”

“सांगा, अत्तरवाल्याच्या घरी बाळंतपण आहे.”

कारभाऱ्याने म्हाताऱ्या जोडप्याकडे आळीपाळीने पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि पोती उचलून निघून गेला. मान गेला हे अत्तरवाल्याला तेव्हाच कळलं. रडायला मात्र वेळ नव्हता. गवत बदलायचं होतं.

त्यांनी चिंचोक्याला मागच्या कोरड्या पडवीत नेलं. अत्तरवाल्याने सगळ्या कुप्या शेजारच्या कोठारात बंद केल्या, राखेने हात घासले, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं. तरी नाक मुकंच. पहिल्या दिवशी दिवसभर तो दर थोड्या वेळाने गवताखाली तळवा घालून बघत होता. बायको वास घेऊन सांगे, “झालं, बदला.” आणि तो बदली.

दुसरा दिवस वाईट गेला. चिंचोका खाईना. बायकोने हिरवं गवत वाटून त्याचा रस थेंब थेंब बोटाने त्याच्या ओठात सोडला. अर्धा बाहेर आला. अत्तरवाला पंखा घेऊन माशांवर पहारा करत होता. श्वास चालू आहे का, हे बघायला तो इतक्यांदा वाकला, की त्याची कंबर धरली.

तिसऱ्या दिवशी सुईण आली. तिने चिंचोक्याला उलटा करून जखम बोटाने चाचपून पाहिली.

“आजी, काहीतरी बोला.”

“कडा सुकल्यात. मधला भाग अजून ओला आहे. आजचा दिवस काढू द्या त्याला.”

तो दिवस कसा गेला ते त्या दोघांनाच ठाऊक.

चौथ्या दिवशी राजवाड्यावर चौघडा वाजला. वऱ्हाड गल्लीतून गेलं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अत्तराचा दरवळ पडवीपर्यंत आला. अत्तरवाल्याने उठून दार लावून घेतलं. परत येऊन बसतो तोच त्याच्या नाकात काहीतरी बोचलं. आंबूस, तिखट, झोंबणारं. त्याने श्वास रोखला, मग पुन्हा घेतला.

“अगं ए! त्यानं ओलं केलंय! मला वास आला! मला आला!”

बायको कणकेच्या हातांनी धावत आली. म्हातारा नव्या फुलाचा शोध लागावा तसा हसत होता, आणि डोळे गळत होते. त्याने चिंचोक्याला उचलून उलटा केला. लाली उतरली होती. मधली कातडीसुद्धा सुकून फिकी पडली होती. बायकोने ओलं काढलं, सुकं पसरलं. चिंचोक्याला खाली ठेवलं, तर त्याने चारही पाय टेकले, नव्या गवतातली एक काडी ओढली आणि कुरतडत बसला.

ती काडी संपेपर्यंत दोघांपैकी कुणीही हललं नाही.

पुढच्या आठवड्यात बायकोने सुईणीला पाटावर बसवून लुगडं आणि नारळ दिला, बाळंतपणानंतर देतात तसा. “आमच्याकडचा मान तुम्हाला द्यायचा राहिला होता,” ती म्हणाली. सुईणीने नको म्हटलं नाही.

राजवाड्यातला मान अत्तरवाल्याला परत कधी मिळाला नाही. चिंचोक्याच्या मांडीवर जिथे चंदन लागलं होतं, तिथे केस पुन्हा कधी उगवले नाहीत. पण तो आणखी तीन वर्षं जगला, आणि त्या तीन वर्षांत अत्तरवाल्याने रोज पहाटे आधी त्याचं गवत हुंगलं, मगच भट्टीला हात लावला.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्याच्यावर माया आहे त्याच्या अंगाला वास आला, तर अत्तर शोधू नका, ओल शोधा.