खारीची मण्यांची वेल

मुलांनो, डोंगरापलीकडच्या जंगलात, जांभळाच्या ढोलीत एक खार राहत असे. थोरली बहीण सासरी जाताना तिला एक वेल देऊन गेली होती. पाने कसली, गोल गुबगुबीत हिरवे मणीच, आणि त्यांच्या माळा खाली लोंबत असत. बहीण लांब गेलेली, पुन्हा भेट कधी कोण जाणे. म्हणून खारीचा त्या वेलीवर भारी जीव. ती तिने करवंटीत लावून ढोलीत आत टांगली आणि आंघोळ झाली की तुळशीला घालावे तसे रोज पाणी घालू लागली.

तरी मणी पिवळे, पिचपिचीत होऊन टपटप गळू लागले.  "तहानलीय बिचारी," म्हणत खार दुपारीही पाणी घालू लागली.

समोरच्या फांदीवर एक साळुंकी राहायची. कोणाकडे काय शिजले, कोण कोणाशी बोलत नाही, सगळे तिला ठाऊक. ती ढोलीत मान घालून म्हणाली, "अगं, बुडवून मारतेस की काय तिला!"

खार फणकारली, "काकू, तुमच्या घरात काही काम नाही का?"

"ढीगभर आहे. पण चार दिवस बघतेय, राहवत नाही." साळुंकीने सरळ मातीत चोच खुपसली. "बघ, नुसता चिखल! मुळं कुजली. हिच्या पानांतच पाणी साठलेलं असतं गं, ही तुळस नव्हे."

खारीचे डोळे भरले. "ताईची एवढीच आठवण आहे हो माझ्याकडे."

"मग रडतेस काय? देवानं दात कशाला दिलेत? करवंटीच्या बुडाला भोकं पाड!"

खारीने भोके पाडली, कुजके ते कुरतडून टाकले. साळुंकीने चोचीचोचीने नदीची वाळू आणून मातीत मिसळली. धड उरलेल्या दोन माळा त्यावर आडव्या ठेवल्या आणि करवंटी ढोलीच्या तोंडाशी, सकाळचे कोवळे ऊन येते तिथे टांगली. माती पुरती सुकेपर्यंत पाणी घालायचे नाही, असे ठरले. खारीचा हात रोज शिवशिवे, की समोरून ओरडा येई, "हात मागे!"

महिन्याभराने माळांना पांढरी मुळे फुटली, टोकाला इवले हिरवे मणी आले. खार धावत जाऊन साळुंकीच्या पाया पडली. "काकू, मी नुसतं पाणी घालत होते. वेलीकडे बघत तुम्ही होतात."

साळुंकीने पुन्हा मातीत चोच खुपसून पाहिली आणि म्हणाली, "सुकलीय. आज घाल हो पाणी."

तात्पर्य : ज्याच्यावर माया करायची त्याला काय सोसते ते आधी बघावे; आणि आपली चूक तोंडावर सांगणाऱ्या शेजाऱ्यावर रागावू नये, त्याचे उपकार मानावेत.