उंबऱ्यावरची वाटी

आमच्या बोरथडला औषधाची वाटी आधी उंबऱ्यावर ठेवतात आणि आजाऱ्याला विचारतात, "आणू का आत?" असं का, ठाऊक आहे तुम्हाला?

फार जुनी गोष्ट. तापीकाठच्या या गावात म्हाळसामाय नावाची वैदीण होती. तिला दारात पाहून मरणही मागे सरायचं, असं म्हणतात. पण तिची एक रीत होती. वाटी उंबऱ्यावर ठेवायची, औषध घेतलं तर काय, न घेतलं तर काय, ते सांगायचं आणि आजाऱ्याकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यायचं. तो "आण" म्हणाला, तरच आत जायचं.

एका चैत्रात, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली असताना, हैबती कुंभाराच्या डाव्या हाताची जखम चिघळली. बोटं काळी पडली.

"हैबतीदादा, हात कोपरापासून काढावा लागेल. आजच."

"आखाजी आठ दिवसांवर आली. घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात, ती माझी. एका हाताने घागर होते का?"

"थांबलास तर विष छातीत जाईल. काय सांगितलं मी?"

"हात दिला तर जगेन. नाही दिला तर आखाजीपुरता आहे. बहिरा नाही झालो अजून."

तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. तो नाहीच म्हणाला.

त्याच्या मुलाने, झिपरूने तिला वाटेत गाठलं. "माय, दुधात अफू घाल. बाप झोपला की हात काढ. उठल्यावर शिव्या देईल, पण देईल तरी."

म्हाळसामायचा हात अफूच्या डबीकडे गेला. तिच्या लग्नातल्या घागरी हैबतीनेच घडवल्या होत्या. त्याचं मरण तिला कुठे सोसणार होतं? तरी तिने डबी परत कनवटीला खोचली.

"जागेपणी नाही म्हणाला तो. त्याला झोपवून मी हो कसं म्हणवू?"

"मग तूच मारलंस त्याला," झिपरू म्हणाला. त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

पण ती हैबतीला सोडून गेली नाही. तिने उंबऱ्यावर दुसरी वाटी ठेवली. "हात नको तर नको. कळ कमी करायचं औषध आणू का आत?"

"ते आण," हैबती म्हणाला.

मग ती त्याच्या चाकापाशी बसली. उजवा हात त्याचा, डावा तिचा. असं म्हणतात, की सकाळी फिरवलेलं चाक दिवस मावळेपर्यंत थांबत नसे आणि त्या घागरींतलं पाणी पुढच्या आखाजीपर्यंत गार राहिलं.

आखाजीला घरोघर घागर भरली. संध्याकाळी म्हाळसामायच्या मांडीवर डोकं ठेवून हैबती गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिपरू उरलेली एक घागर घेऊन तिच्या दारी आला. घागर त्याने उंबऱ्यावर ठेवली आणि बाहेरच उभा राहून विचारलं, "माय, आणू का आत?"

सुतक असलेल्या घरातलं काही घ्यायचं नसतं. तरी म्हाळसामाय म्हणाली, "आण."