हिरामणचं पाचवं वाक्य

दिंडोरीच्या पलीकडं एका गावात हिरामण नावाचा भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे, ‘जरा बस’ म्हटलं की ‘ऊठ’ म्हणेपर्यंत बसून राहणारा. त्याची बायको यमुना कंटाळून माहेरी गेली होती. जाताना म्हणाली, "कायमच्या नोकरीचं पत्र दाखवा, तरच परत येईन."

गावात रामोन नावाच्या स्पॅनिश साहेबांची द्राक्षबाग होती. त्यांना मुकादम हवा होता, बागेत दिवसभर काय काय झालं ते संध्याकाळी स्पॅनिशमध्ये सांगणारा. हिरामण शेलारबाईंकडं शिकायला गेला. बाई निवृत्त शिक्षिका, मुलाकडं माद्रिदला सात वर्षं राहून आलेल्या.

"एकच क्रियापद पक्कं कर," बाई म्हणाल्या. "कोर्तार, म्हणजे कापणं. भूतकाळ ऐक. कोर्ते, मी कापलं. कोर्तास्ते, तू कापलंस. कोर्तो, त्यानं कापलं. कोर्तामोस, आम्ही कापलं. कोर्तारोन, त्यांनी कापलं. नुसती घोकंपट्टी नको, वाक्यात वापर. आणि मुकादमानं खोटं सांगायचं नसतं. आधी काम, मग वाक्य."

"बरं," म्हणून हिरामण विळा घेऊन अंगणात गेला. थोड्या वेळानं हसत आत आला.

"बाई, कोर्ते!"

बाईंच्या दारचा कढीपत्ता आडवा झाला होता. बारा वर्षांचं झाड.

"अरे मेल्या, कापण्याआधी मालकाला विचारावं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी वाटेत एक वासरू दाव्यात अडकलेलं दिसलं. गळ्याला फास, डोळे पांढरे. हिरामणच्या हातात विळा होता, पण मालक बाजाराला गेलेला. हिरामण विचारायला सहा किलोमीटर चालत गेला. परत येईतो शेजाऱ्यांनी दावं कापून वासरू सोडवलं होतं. तो तसाच बाईंकडं पळाला.

"बाई, कोर्तारोन! त्यांनी कापलं!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "जिवावर बेतलं असताना विचारत बसतात का? कुणाचे हाल दिसले की कापून मोकळं व्हायचं!"

"बरं."

मधे न्हाव्यानं त्याचे केस कापले. तेवढं ‘कोर्तो’ मात्र कुणाचं नुकसान न होता पार पडलं.

मग आलं वाचनालयाचं उद्घाटन. दाराला लाल फीत, पाहुण्यांना दोन तास उशीर, लोक उन्हात घामाघूम. हिरामणला हाल दिसले. त्यानं बँडवाल्याला फीत ताणून धरायला लावली आणि विळा चालवला. पाहुणे गाडीतून उतरले तेव्हा गाव आत पंख्याखाली बसलं होतं.

"कोर्तामोस," हिरामणनं त्यांना अदबीनं सांगितलं.

खरं तर गावाला बरंच वाटलं होतं, पण तसं बोलायची हिंमत कुणाची झाली नाही. सगळ्यांनी हिरामणलाच शिव्या घातल्या.

"अरे, मोठ्या माणसाचा मान असतो," बाई कळवळून म्हणाल्या. "कापायचं ते त्याच्या हातून कापून घ्यावं!"

"बरं."

मुलाखतीच्या दिवशी हिरामणनं चार रूपं चार खऱ्या वाक्यांत खणखणीत सांगितली. साहेब खूश. त्यांनी नेमणुकीच्या पत्रावर सही केली, ते पाकिटात घालून टेबलावर ठेवलं.

"हा पत्र तुझा," ते मोडक्या मराठीत म्हणाले. "एक राहिला. बोल."

राहिलं होतं ‘कोर्तास्ते’. तिकडं साहेबालाही ‘तू’ चालतं, असं बाईंनी सांगितलं होतं. पण साहेबांनी आज काहीच कापलं नव्हतं! हिरामणनं टेबलावर इकडंतिकडं पाहिलं. यमुना डोळ्यांसमोर आली. खोटं तर बोलायचं नाही. मग त्यानं टेबलावरची कात्री साहेबांच्या हातात दिली आणि पाकीट पुढं धरलं.

"साहेब, मान तुमचा. मधोमध कापा."

साहेबांना वाटलं, इथली रीतच असेल. मागं बागेच्या उद्घाटनाला गावानं त्यांच्याच हातून फीत नाही का कापून घेतली होती? त्यांनी कापलं. पत्राचे दोन तुकडे झाले.

"कोर्तास्ते!" हिरामण ओरडला. उच्चार असा सुरेख की साहेबांना त्यांची आई आठवली. तुकडे पाहून ते पोट धरधरून हसले, डोळे पुसले आणि नवा कागद पुढं ओढला.

"काळजी नाय. दुसरा पत्र देतो."

हिरामणनं घाबरून त्यांचा हात धरला.

"नको साहेब! पत्र पुन्हा अख्खं झालं, तर तुम्ही कापलं हे खोटं ठरेल. आणि मग खोटारड्याकडं यमुना कशी येईल?"