अध्यक्षांचा लांबचा चेंडू

गोल्फ क्लबचे अध्यक्ष राजेशिर्के यांना चहात साखर कमी पडली तरी कट दिसे. हिरवळीच्या कडेवरून लांबून मारलेला त्यांचा चेंडू होलपर्यंत कधी पोचतच नसे. दंतवैद्य मृदुला सबनीसांचा मात्र हमखास पोचे. झालं!

"बाई, तुमच्या काठीत काहीतरी करामत आहे. सभासदत्व रद्द करीन!"

मृदुलाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचाच चेंडू, तुमच्याच काठीने पोचवून दाखवते. मारा तुम्हीच. पण मारताना चेंडूपाशी मी एक लबाडी करणार. पकडलीत तर आजच राजीनामा देते."

साहेबांनी चेंडूवर डोळे रोखले. काठी फिरली, चेंडू गेला, तरी मान खालीच. ते गवत तपासत होते. इतक्यात टाळ्या पडल्या. चेंडू होलच्या काठाशी जाऊन थांबला होता.

"तुम्ही तर काहीच केलं नाहीत!" साहेब ओरडले.

"केलं की! एरवी होलपाशी कोण काय करतंय हे बघायला तुम्ही मारता मारताच मान वर करता, म्हणून फटका फसतो. तुमचा संशय काही जायचा नाही, साहेब. मी तो फक्त तिथून उचलून चेंडूपाशी आणून ठेवला."